बेचाळीस सेकंदांची चौकशी

त्या आठवड्यात भागवतराव गटकळ आपल्या फाटकापासून नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत इतक्या वेळा चालले, की शेजारच्या ओट्यावर गहू निवडत बसलेल्या सुलाबाईंनी फेऱ्या मोजायला घेतल्या. बुधवारी सकाळच्या एकेचाळीस भरल्या. बेचाळिसावी अर्ध्यात सोडून भागवतराव घरात गेले, पाणी न पिताच बाहेर आले आणि बंद असलेला नळ पुन्हा एकदा बंद करून बघितला.

"डॉक्टरनं चालायला सांगितलं काय वो भावजींना?" सुलाबाईंनी विचारलं.

"गॅस झालाय पोटात," भागवतरावांच्या बायकोनं, दैवशालाबाईंनी, झाडता झाडता उत्तर दिलं.

पोटात काहीतरी होतं हे खरं. पण त्याला ओवा लागू पडणारा नव्हता.

भागवतराव म्हणजे सेलूच्या स्टेशनमागच्या गल्लीतला सगळ्यात निरुपयोगी शेजारी. असं गल्लीचं मत, आणि त्याला कारण आहे. हा माणूस वीस वर्षं तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करत होता. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डावर नाव चढवणे, नाव उतरवणे. तालुक्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ त्याच्या बोटांखालून गेलेलं. पण कधी चकार शब्द नाही. बरं, अर्जात मात्र नको तितका खरा. एकदा एकजण भावाच्या रेशन कार्डातून नाव वेगळं काढायला आला. 'कारण' या रकान्यात सगळे लिहितात तसं 'विभक्त कुटुंब' लिहून मोकळं व्हावं की नाही? भागवतरावांनी विचारलं, खरं कारण काय. तो बिचारा म्हणाला, वैनी शिळं वाढती. भागवतरावांनी तस्संच टाईप केलं, 'वहिनी शिळे अन्न वाढते'. नायब तहसीलदारांनी तो अर्ज साऱ्या कचेरीला वाचून दाखवला. भागवतराव म्हणाले, रकाना कारणाचा आहे, तर कारणच लिहायला पाहिजे.

पुढं अर्ज मोबाईलवरून भरता यायला लागले, टेबलापुढची गर्दी विरळ झाली, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना एका संशोधन संस्थेत काम लागलं. फिट येण्याच्या आजाराचा अभ्यास. जिल्ह्यातली काही गावं निवडायची, घरोघर जाऊन विचारायचं, कुणाला झटके येतात, कधीपासून, औषध चालू आहे का, गाडी चालवता का, लग्न झालं का, सासरी माहीत आहे का. कार्यकर्त्या टॅबवर उत्तरं भरायच्या आणि सेलूच्या कार्यालयात, खत-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून भागवतराव ती तपासायचे. कुठं वय राहिलं, कुठं तारीख उलटी पडली, ते बघायचे.

त्या सॉफ्टवेअरचा कारभार मोठा कडक. ज्याची जी गावं, त्याला तेवढीच दिसणार. सेलूवाल्याला सेलू तालुक्यातली एकतीस गावं, परभणीवालीला परभणीकडची. कुणाचीही नोंद उघडायची तर आधी एक चौकोन समोर येतो, उघडण्याचं कारण लिहा. आणि कुणी, कधी, कुणाची नोंद उघडली, कोणतं पान मागितलं, किती वेळ उघडी ठेवली, हे सगळं यंत्र आपोआप लिहून ठेवतं. ते पुसायची सोय कुणालाच नाही. दर तीन महिन्यांनी परभणीहून धम्मपाल सर ती यादी घेऊन यायचे आणि ओळ न ओळ विचारायचे. त्याला ऑडिट म्हणत.

एवढं कडक कशाला, हे नव्या कार्यकर्त्यांना भागवतरावच समजावून सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा चढत असे. "पोरीला फिट येती ही खबर फुटली, की तिच्या दारात पाहुना येत न्हाई. पोराचं बी तेच. गोळी घेऊन चांगलं राहतं मानूस, पण लोकांला गोळी दिसत न्हाई, झटकाच दिसतो. म्हनून हे सगळं कुलूपबंद."

झालं. म्हणजे एकतीस गावांची गुपितं पोटात घेऊन हा माणूस गल्लीत राहणार आणि गल्लीच्या वाट्याला काही नाही. सुलाबाईंनी काय प्रयत्न कमी केले?

"भावजी, देवगाव फाट्याला आमच्या मावसबहिणीची जाऊ हाय. तिच्याकडं तुमच्या बाया येऊन गेल्या म्हनं. काय निघालं?"

"वैनी, आज पाऊस पडंल काय हो?"

"फेब्रुवारीत?"

"न्हाई, आभाळ आल्यासारखं वाटायलंय."

असा हा गृहस्थ. आणि त्याच्याच घरी सोयरीक आली.

स्थळ आणलं चंद्रभाननं, दैवशालाबाईंच्या धाकट्या भावानं. मुलगी निकिता, चोवीस वर्षांची, औषधनिर्माणाची पदविका घेऊन मेडिकलवर कामाला. मुलगा गोपाळ, पोखर्णीचा, सत्तावीस वर्षांचा, परभणीला एका खासगी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी, घरी आठ एकर. बघायला आले तेव्हा चहा झाला, पोहे झाले, मधल्या खोलीत मुलगा-मुलगी दहा मिनिटं बोलली आणि निकिता दोनदा हसली. दोनदा, याला पुरावा सुलाबाई, कारण दोन घरांच्या मधली भिंत एका विटेची आहे.

सगळं छान. फक्त भागवतरावांच्या डोळ्यांत एक गोष्ट खुपली. पाहुणे दोन मोटारसायकलींवर आले होते. सत्तावीस वर्षांचा धडधाकट गोपाळ पंचावन्न वर्षांच्या काकाच्या मागं बसून आला होता, आणि जाताना पुन्हा मागंच बसला.

"गाडी तुमी न्हाई चालवत?" भागवतरावांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"न्हाई काका. बसनं जातो," गोपाळ म्हणाला आणि त्यांच्याकडं बघत थांबला.

भागवतरावांनी लगेच उन्हाळ्याचा विषय काढला.

"पेट्रोल वाचवायलंय पोरगं," नंतर चंद्रभान म्हणाला. "दाजी, तुमी शंकाच लय काढता. आमच्या तायडीला बघायला आलते तवा तुमाला तरी कुठं सायकल येत होती?"

पण दाजींच्या डोक्यात सतरावा प्रश्न फिरायला लागला होता. गाडी चालवता का? नसल्यास का नाही? तीन वर्षांत त्यांनी ते उत्तर हजार वेळा वाचलं होतं. डॉक्टरनं नको सांगितलं, डॉक्टरनं नको सांगितलं.

आता आपल्याकडं चौकशीचा दस्तूर काय, तो सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाची माहिती किराणा दुकानदाराला विचारायची, न्हाव्याला विचारायची, त्याच्या जुन्या मास्तरांना, बांधाशेजाऱ्याला, अगदी त्याच्या गावच्या एसटी कंडक्टरला विचारायची. फक्त मुलाला विचारायची नाही. ते असभ्य दिसतं. त्याप्रमाणं भागवतराव पुढच्या शनिवारी नृसिंहाच्या दर्शनाचं निमित्त करून पोखर्णीला गेले. दर्शन पाच मिनिटांत आटोपलं आणि देवळासमोर बन्सीधरच्या हॉटेलात जाऊन बसले.

"दर्शनाला का चौकशीला?" बन्सीधरनं चहा ठेवता ठेवता विचारलं.

भागवतराव गडबडले. "दर्शनालाच. सेलूहून आलोय."

"सेलूहून. म्हंजी गोपाळचं." बन्सीधरनं फडक्यानं टेबल पुसलं. "पोरगं सोन्यावानी हाय. सुपारी बी खात न्हाई."

"गाडी चालवत न्हाई म्हनं."

"न्हाई चालवत."

"काहून?"

"आता ते त्याला इचारा की," बन्सीधर म्हणाला आणि भजी काढायला निघून गेला. वाईट मनानं म्हणाला, का चांगल्या, हे काही भागवतरावांना परतीच्या बसमध्ये ठरवता आलं नाही. दोनदा जागा बदलून बसले.

घरी आल्यावर दैवशालाबाईंनी ताट वाढलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "पोखर्णी तुमच्या त्या अभ्यासात हाय ना? घरोघर इचारलंय ना?"

"हाय. पन ती गावं माझ्याकडं न्हाईत."

"बघता येत न्हाई?"

भागवतराव भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले. तिथंच त्यांची पंचाईत होती. परभणीकडची गावं भक्ती नावाच्या मुलीकडं होती. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा दोन महिन्यांपुरती तिची गावं भागवतरावांच्या लॉगिनला जोडून दिली होती. भक्ती दिवाळीनंतर कामावर आली, पण गावं काही सुटली नाहीत. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की आपल्या एकतिसांच्या खाली ती आठ गावं दिसत आणि त्यांत पोखर्णी. धम्मपाल सरांना सांगायचं, असं ते दर सोमवारी ठरवत आणि मंगळवारी विसरत.

"बघता येतं," ते म्हणाले. खोटं बोलता येत नाही, ही एक वेगळीच अडचण. "पन बघायचं न्हाई. ते लोकांनी विश्वासानं सांगितलेलं हाय."

"एकतीस गावच्या पोरींची काळजी हाय तुमाला," दैवशालाबाई म्हणाल्या, "घरातल्या एकीची तेवढी न्हाई."

त्या चिडून बोलल्या असत्या तर निभावलं असतं. त्या भाजी वाढता वाढता, शांतपणे बोलल्या. भागवतराव अर्ध्या ताटावरून उठले.

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयात कुणी नव्हतं. दोन्ही कार्यकर्त्या गावांना गेल्या होत्या. भागवतराव खुर्चीवरून उठले, खिडकीतून खाली बघितलं, परत बसले, पुन्हा उठले. मग बसले आणि त्यांनी पोखर्णीवर बोट ठेवलं. नाव टाकलं. गोपाळ. वय सत्तावीस. एकच निघाला. नोंद निघाली म्हणजे आजार असं नव्हे, घरोघर प्रत्येकाचीच नोंद होती.

चौकोन समोर आला. उघडण्याचं कारण लिहा.

बाकीचे तिथं काय लिहितात हे भागवतरावांना माहीत होतं. 'तपासणी' लिहा, 'वय दुरुस्ती' लिहा, यंत्र काही भांडायला येत नाही. त्यांची बोटं कळांवर आली आणि वीस वर्षांच्या सवयीनं जे लिहायचं तेच लिहून गेली, 'मुलीच्या सोयरिकीची चौकशी'. त्यांनी वाचून पाहिलं, 'सोयरिकीची' ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना याची खात्री केली आणि बटण दाबलं. हा माणूस चोरी करायला गेला आणि दारावर आपला पत्ता चिकटवून आला.

पहिलं पान उघडलं. ते संमतीचं होतं. 'मी दिलेली माहिती अभ्यासाखेरीज इतर कुणालाही, कुठल्याही कारणासाठी दाखवली जाणार नाही, असे मला वाचून दाखवले आहे.' खाली गोपाळची सही. त्या वाक्यातलं 'कुठल्याही कारणासाठी' तीन वर्षांपूर्वी भागवतरावांनीच घालायला लावलं होतं.

उत्तरं तिसऱ्या पानावर असतात. त्यांनी तिसरं पान मागितलं. कार्यालयाचं नेट म्हणजे आनंदच. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. भागवतरावांच्या कानामागं घाम उतरला. खाली दुकानदार कुणाला तरी युरियाची पिशवी मोजून देत होता, त्याचा आवाज येत होता. चक्र फिरत राहिलं आणि भागवतरावांनी लॅपटॉप मिटून टाकला.

आता लॅपटॉप मिटला तो लाज वाटली म्हणून, का जिन्यावर पाय वाजल्यासारखं वाटलं म्हणून? ते पान आणखी दोन सेकंदांत उघडलं असतं तर वाचलं असतं का? एवढ्यासाठी त्या फाटक-नळ-फाटक फेऱ्या. उत्तर काही मिळेना, आणि यंत्रात ओळ लिहून झाली होती. शुक्रवारी ऑडिट होतं.

बरं, अडचण एवढ्यावर थांबली असती तर. भागवतरावांनी काही पाहिलं नव्हतं, पण पाहिल्यासारखी सगळी शिक्षा सुरू झाली होती. समजा, त्यांनी स्थळाला नकार दिला. शुक्रवारी यादी निघणार, मग कुणीही म्हणणार, यानं आत काहीतरी वाचलं म्हणूनच मोडलं. मुलाच्या अंगात काही नसलं तरी त्याच्या नावाला डाग. समजा होकार दिला. बायको म्हणणार, बघितलं, म्हणजे आत काही नाही. आणि असलं तर? चंद्रभानचा फोन दिवसातून दोनदा यायचा. "दाजी, तिकडले लोक थांबलेत. हो म्हना नाहीतर न्हाई म्हना, मधीच काहून लटकवायलाव?" भागवतराव म्हणायचे, रेंज नाही.

दैवशालाबाईंना न सांगता सगळं कळलं होतं, म्हणजे अर्धं. नवऱ्यानं उघडून बघितलं, हे त्यांनी मंगळवारी सांजच्याला त्याच्या चपला काढण्यावरून ओळखलं. काय दिसलं ते मात्र ताटावरून ओळखायची त्यांची खटपट चालली होती. एक भाकरी उरली की त्यांचा चेहरा उतरे, म्हणजे आजार आहे. भात मागितला की खुलत, म्हणजे नाही. गुरुवारी भागवतरावांनी आधी भाकरी टाकली आणि मग भात मागितला, तेव्हा बाई हैराण झाल्या.

"सांगा ना एकदाचं काय हाय ते."

"मी काही बघितलं न्हाई, दैवशाला."

"मंग रेल्वेच्या इंजिनावानी चकरा कशाच्या मारायलाव?"

त्यांनी चार वेळा धम्मपाल सरांना फोन लावायला घेतला आणि चारही वेळा एक घंटी व्हायच्या आत कापला. पाचव्यांदा सरांचाच उलटा फोन आला. "भागवतराव, मिस्ड कॉल दिलात?" "चुकून दाबलं गेलं, सर." आणि पुन्हा फाटक, नळ.

शुक्रवारी धम्मपाल सर आले. पस्तिशीचा शांत माणूस, कामात चोख. डबा उघडायच्या आधी यादी उघडायची, ही त्यांची रीत. एकेक ओळ खाली सरकत गेली आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंगळवार, अकरा वीस," ते वाचायला लागले. "पोखर्णी. उघडी ठेवल्याचा वेळ बेचाळीस सेकंद. कारण," इथं ते थांबले, "भागवतराव, हे कारण तुम्हीच लिहिलंय?"

"हो सर."

"एवढ्या वर्षांत मी हजारो कारणं वाचली. खरं कारण पहिल्यांदाच वाचतोय." सरांच्या ओठाचा कोपरा हलला आणि लगेच जागेवर आला. "काय बघितलं?"

"काहीच न्हाई. तिसरं पान मागितलं, ते आलंच न्हाई. मग मी बंद केलं."

"बेचाळीस सेकंद."

"चक्र फिरत होतं, सर."

"यंत्र म्हणतं, तिसरं पान मागितलं. ते पडद्यावर आलं का, तुम्ही वाचलं का, हे यंत्राला कळत नाही. मागितलं म्हणजे बघितलं, असंच मला धरावं लागतं." "आणि पोखर्णी तुमच्याकडं दिसलीच कशी? रजा संपली त्या दिवशी मी ती काढायला पाहिजे होती. ते माझं. अहवालात माझंही नाव पहिल्या ओळीत जाईल. पण तुम्हालाही दिसत होती, तुम्ही सांगितलं नाहीत."

"विसरत होतो."

"मंगळवारी बरी आठवली."

सरांनी पुढचं सांगितलं. आजपासून लॉगिन बंद, समितीचा निर्णय येईपर्यंत घरी. आणि नियमाप्रमाणं ज्याची नोंद उघडली गेली त्याला पत्र जाणार. कुणी उघडली, कधी, कशासाठी.

"कशासाठी, हे पण?"

"तुम्ही लिहिलेल्या शब्दांत. सोमवारी निघेल पत्र. त्याच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं नाही, असं काही नियमात नाही." सरांनी डबा उघडला. "जेवणार का?"

भागवतरावांनी मान हलवून नाही म्हटलं आणि जिना उतरले. दुपारी घरी येऊन त्यांनी बायको आणि लेक दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, कारणाच्या चौकोनासकट. सुलाबाईंच्या घरातला पंखा त्या वेळी बंद केला गेला, असं म्हणतात. आवाजात नीट ऐकू येत नव्हतं म्हणून.

दैवशालाबाईंचा पहिला प्रश्न, "म्हंजी खरंच न्हाई बघितलं?" त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती.

निकितानं मात्र सरळ बापालाच धरलं. "अण्णा, मेडिकलवर रोज बाया येतात. कशाच्या गोळ्या घेतात ते मला माहीत असतं. मी घरी येऊन आईला सांगते का?"

"न्हाई."

"माझा कागद त्यांच्याकडल्या कुणी उघडून बघितला असता, तर तुमी काय म्हनला असता?"

"घर डोक्यावर घेतलं असतं."

"मंग जा आनि त्यांला सांगा. पत्र हातात पडायच्या आधी. मी फोन करनार न्हाई, तुमीच जा."

शनिवारी सकाळच्या बसनं भागवतराव परभणीला गेले. प्रयोगशाळा धान्याच्या मोंढ्याच्या पलीकडं, एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये. दारापासून मातीच्या कापडी पिशव्यांच्या रांगा, प्रत्येकीला गाव आणि गट नंबराची चिठ्ठी. गोपाळ चाळणीतून माती चाळत होता. होणाऱ्या सासऱ्याला बघून त्यानं घाईनं हात झटकले, स्टूल पुढं केलं. भागवतराव बसले नाहीत. उभ्या उभ्या सांगून टाकलं. सांगताना ते पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होते.

गोपाळनं चाळणी टेबलावर ठेवली. मग विचारलं, "काय दिसलं?"

"तुमची सही. दुसरं काही न्हाई. देवाशप्पथ."

"आनि दिसलं असतं तर?"

"वाचलं असतं का न्हाई, मलाच सांगता येईना. चार दिवस झाले, तेच बघायलोय."

गोपाळ हसला नाही. "काका, त्या दिवशी तुमी गाडीचं विचारलं ना. मी तवा तयार होतो. मनात म्हनलं, पुढचं विचारतील, तर काय हाय न्हाई ते सगळं सांगून टाकू. तुमी उन्हाचं बोलायला लागलाव."

भागवतरावांनी खाली बघितलं. जमिनीवर सांडलेली काळी माती त्यांच्या चपलेला लागली होती.

"बन्सीधरनं सांगितलं मला, तुमी येऊन गेल्याचं," गोपाळ पुढं म्हणाला. "आमच्या मास्तरांला तुमच्या मेव्हण्याचा फोन आलता. सगळ्यांला विचारलं तुमी लोकांनी. मी बसलेलोच होतो की समोर."

"आता विचारू का?" भागवतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना त्याचा वेडेपणा कळला.

"आता तुमाला न्हाई सांगनार. रागानं न्हाई म्हनत, काका. राग हाय, पन त्यानं न्हाई." गोपाळनं एका पिशवीची सुटलेली चिठ्ठी नीट बांधली. "निकिताला सांगतो. लगीन तिला करायचंय. तिनं तुमाला सांगायचं का न्हाई, ते तिचं ती बघंल."

परतीची बस मानवतला अर्धा तास थांबली. भागवतराव तीन वेळा खाली उतरले, तीन वेळा चढले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, एकदा ठरवा." त्यांना आजोबा म्हणायची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांचं तिकडं लक्षही गेलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गोपाळचा फोन आला. निकिता तो घेऊन गच्चीवर गेली. अंगणात भागवतराव, स्वयंपाकघराच्या दारात दैवशालाबाई, शेजारच्या ओट्यावर सुलाबाई, आणि योगायोगानं त्याच वेळी बहिणीकडं चहाला आलेला चंद्रभान. चौघांच्या माना वर. गच्चीवरून शब्द काही येत नव्हते. निकिता कठड्याशी उभी राहून बोलत होती, मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसली, मग पुन्हा उभी राहिली. एकदा बराच वेळ ती नुसतीच ऐकत राहिली.

"हसायलीय का रडायलीय?" चंद्रभाननं हळूच विचारलं.

"चूप बस," त्याची बहीण म्हणाली.

अर्ध्या तासानं ती खाली आली. डोळे लाल होते, पण उन्हानंही होतात. ती आधी पाणी प्यायली, तिनं पेला विसळून पालथा घातला आणि मामाकडं वळली.

"मामा, त्यांच्या घरी कळवा. माझा होकार हाय."

चंद्रभान फोन काढतच होता. दैवशालाबाईंनी लेकीचा हात धरला. "काय म्हनला तो? आजार हाय का न्हाई?"

"आई, मी सगळं विचारलं. जे विचारायचं ते एक बी सोडलं न्हाई. आनि मी ठरवलंय."

"अगं पन हाय का न्हाई?"

निकितानं बापाकडं बघितलं. "अण्णा, तुमी सांगा आईला. त्यांनी मला विश्वासानं सांगितलेलं मी सांगावं का?"

तीन वर्षं नव्या कार्यकर्त्यांना उभं राहून समजावणारा माणूस. त्याला उत्तर येत नव्हतं असं थोडंच आहे? भागवतराव म्हणाले, "न्हाई सांगू," आणि फाटकाकडं चालायला लागले.

पंधरा दिवसांनी कुंकू लावून लग्न पक्कं करण्याचा कार्यक्रम झाला. समितीचं पत्र अजून आलेलं नव्हतं, भागवतराव घरीच होते, त्यामुळं मांडवाचं सगळं काम त्यांनीच केलं आणि प्रत्येक खुर्ची दोनदा हलवली. पोखर्णीहून पंचवीस माणसं आली. गोपाळ पाटावर बसला, टिळा लागला, मग चहा फिरला.

चहाचा कप त्याच्या हातात गेला, तेव्हा भागवतराव सहा हातांवर उभे होते. कप बशीवर किंचित वाजला का? वाजला असावा. पण गरम चहानंही वाजतो, पंचवीस माणसांपुढं बसलं की कुणाचाही वाजतो. ते एक पाऊल पुढं सरकले. गोपाळच्या उजव्या हाताची बोटं, मनगट, पुन्हा बोटं. पापणी जरा लवली का? त्यांनी मान वाकडी करून बघितलं.

तेवढ्यात समोर लाडवांचं ताट आलं. ताट निकिताच्या हातात होतं आणि ती बरोबर मधे, बाप आणि नवरदेव यांच्या रेषेत उभी होती. ताट तसंच धरून ठेवलं, बापानं लाडू उचलेपर्यंत.

भागवतरावांनी लाडू घेतला, वळले आणि पाहुण्यांच्या चपला ओळीत लावायला निघून गेले. सुलाबाई म्हणतात, गल्लीतल्यांचे धरून एकूण सत्तावन्न जोड होते आणि भावजींनी ते सगळे दोनदा लावले.